उणे दीड किलो

“काटा खोटा हाये! साहेब, तुमचा काटा खोटा हाये!”

माझा मामा ओरडत होता आणि मी नुसत्या चड्डीवर काट्यावर उभा होतो. मामाचा आवाज असा, की त्या सकाळी पारोळ्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असतील तर तो दोष त्याचाच. आम्ही धुळ्यात, हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात होतो. स्टेजवर मागच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती आणि त्या ‘शुभविवाह’खाली वीस-बावीस उघडे गडी वजनाच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याच हॉलमध्ये लोखंडी जाळीचा पिंजरा उभा राहणार होता आणि त्यात आम्ही जोडीजोडीनं एकमेकांना चोपणार होतो. बुक्क्या, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं असा हा खेळ. आमच्या रावेरकडे याला अजूनही नाव नाही. माझी आई पाहुण्यांना सांगते, “तो जाळीतलं करतो.”

काट्यावरच्या साहेबांनी मामाकडे पाहिलंसुद्धा नाही. “बासष्ट किलो शंभर. मर्यादा एकसष्ट दोनशे. नऊशे ग्रॅम जास्त.”

“आमच्या शेडवरचा काटा काल साठ सहाशे दाखवत होता,” मामा म्हणाला. “रावेरहून धुयापोतर येता येता पोरानं दीड किलो हवा खाल्ली का?”

“दोन तास आहेत,” साहेब म्हणाले. “बारा वाजता पुन्हा वजन. तोपर्यंत या जोडीतल्या दोघांनीही काही खायचं-प्यायचं नाही. जोड मोडली तर समोरच्याला दुसऱ्या गड्याबरोबर लावू, आणि तो गडी हलका आहे, तेव्हा याचंही वजन वाढता कामा नये.”

ही माझी सहावी लढत होती. पाच मी जिंकलो होतो. जळगावात विचाराल तर पाच सांगतो, रावेरला अकरा, आणि यावलच्या बसस्टँडवर एकदा एकवीससुद्धा सांगून झालेत. पण या सहाव्या लढतीला मुंबईहून मोठ्या स्पर्धेसाठी गडी निवडणारी दोन माणसं बघायला येणार होती. त्यांचा निरोप साधा होता: हरलास तरी हरकत नाही, पिंजऱ्यात कसा लढतोस ते बघायचंय, पण वजन चुकवणारा माणूस आम्हाला नको, पुन्हा बोलावणार नाही. म्हणजे बारा वाजता मी पिंजऱ्याच्या आत किंवा जन्मभर केळीच्या बागेत.

काट्यावरून उतरलो तोच माझ्या डोक्यात पहिला संशय आला. माणसाचं वजन आपोआप वाढत नाही. कोणीतरी वाढवतं.

संशय माझ्या रक्तात आहे आणि तो उगाच आलेला नाही. लहानपणापासून मी जत्रेतल्या कुस्त्या खेळलो. पंधरा वर्षांचा असताना यावलकडच्या एका जत्रेत समोरच्या पोरानं माझी मान धरली, तोंड कानाशी आणलं आणि हळूच विचारलं, “सोडवायची का बरोबरीत?” बाहेर हजार माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि आत आम्ही दोघं बोलाचाली करत होतो. आम्ही सोडवली. दोघांच्या गळ्यात हार पडले. तेव्हापासून कुणी माझ्याकडे बघून हसलं तरी मला वाटतं, याचं आधीच कुठंतरी ठरलेलं आहे.

तर पहिला संशय मामावर. तीन आठवडे माझं जेवण तोच रांधत होता. मूग, अंडी, काकडी. पण मामा जुना माणूस. तुपाशिवाय अंगात जोर येतो यावर त्याचा विश्वास नाही.

“मामा, खरं सांग. मुगात काय घालत होतास?”

“मीठ.”

“तूप?”

“तुझी शप्पथ.”

“माझी नको, तुझी घे.”

मामानं आधी स्वतःचे कान धरले. मग म्हणाला, “वासापुरतं.”

हे मी मनात नोंदवून ठेवलं, पण वासापुरत्या तुपानं दीड किलो चढत नाही हे मलाही कळत होतं. दुसरा संशय कार्यालयाच्या काट्यावर. पण त्याच काट्यावर माझ्या समोरचा गडी माझ्या आधी चढला होता आणि एकसष्ट शंभर भरून उतरला होता. तो धुळ्याचाच. म्हणजे काटा त्याच्या गावचा, साहेब त्याच्या गावचे. तो भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, गुडघ्याला काळा पट्टा बांधून, आणि एकटक माझ्याकडे बघत होता. पापणीसुद्धा लवत नव्हती. असं बघणारा माणूस एक तर योगी असतो किंवा त्यानं काहीतरी केलेलं असतं.

तेवढ्यात जळगावचे माझे सर जवळ आले. तालमीत त्यांनीच मला बुक्की मारायला शिकवलं होतं. शेवटचे तीन आठवडे मात्र मी गावीच सराव करत होतो. केळीची काढणी चालू होती आणि घरात माणूस कमी. रोज पहाटे मी पॅकिंग शेडवरच्या काट्यावर उभा राहायचो, आकड्याचा फोटो काढायचो आणि सरांना पाठवायचो. सर अंगठा पाठवायचे.

सरांनी फोनमधले सगळे फोटो एकामागून एक पाहिले. मग अगदी शांतपणे विचारलं, “हा काटा कुठला?”

“शेडवरचा. केळीचा.”

“केळी त्यावर कशात ठेवतात?”

“क्रेटमध्ये.”

“आणि त्यावर काहीच नसतं तेव्हा तो किती दाखवतो?”

“उणे दीड किलो,” मी आणि मामा एका सुरात म्हणालो. अभिमानानंच म्हणालो, कारण गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

सर खाली बसले. खुर्ची नव्हती तरी बसले.

आता बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे केळी क्रेटमध्ये भरून काट्यावर चढते. रिकामं क्रेट दीड किलोचं. दरवेळी कोण वजा करत बसणार, म्हणून काटा एकदाच लावून ठेवतात: तो क्रेटचं वजन स्वतःच गिळतो आणि नुसत्या केळीचं दाखवतो. मोकळा असताना त्याच्यावर उणे दीड दिसतं. मी जन्मल्यापासून तो आकडा तिथं पाहत आलो. माझ्या लेखी उणे दीड म्हणजेच शून्य. त्या काट्यावर मी तीन आठवडे क्रेटशिवाय उभा राहिलो आणि काटा इमानानं माझ्यातून क्रेट वजा करत राहिला.

“अरे, एकालाही सुचलं नाही?” सर म्हणाले.

“सर, आमच्याकडे काट्यावर माणूस चढतच नाही,” मामा म्हणाला. “केयच चढते.”

दुसऱ्या कुणाचा संशय इथं मिटला असता. माझा वाढला. सरांना हे तीन आठवडे का नाही सुचलं? आजच का सुचलं? आणि सकाळी आलो तेव्हा सर त्या धुळ्याच्या गड्याच्या कोचबरोबर चहा पीत उभे होते, ते काय बोलत होते? पण विचार करायला वेळ नव्हता. पावणेअकरा झाले होते आणि नऊशे ग्रॅम अंगावर बसलेले होते.

मामानं पिकअप उन्हात लावली. मे महिना, धुळ्याचं ऊन; त्या उन्हात डांबरावर भाकरी शेकली असती आणि उलटायचीही गरज पडली नसती. गाडीत मागे केळीच्या घडांना घालायच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या पडल्या होत्या. थंडीत घड उबेत राहावा म्हणून आम्ही त्या घालतो. मामानं एकीला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडली, मला घातली. त्यावर दुसरी. त्यावर तिसरी. वर स्वेटर. काचा बंद करून मला केबिनमध्ये बसवलं आणि खाली उतरून दार धरून उभा राहिला. सर दर पाच मिनिटांनी दार उघडायला लावत, माझी नाडी बघत, नाव-गाव विचारत आणि परत बंद करत.

आत मी घडासारखा पिकत होतो. दहा मिनिटांत पिशवीत पाणी जमलं. वीस मिनिटांत माझ्या घामावर एक एकर बाग निघाली असती, ठिबकसकट. अर्ध्या तासानं मला समोरच्या काचेतून माझे आजोबा दिसले, ते गेल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांनीही मला तेच विचारलं: काटा रिकामा किती दाखवतो रे? मी दार बडवलं. सरांनी मला बाहेर ओढलं, सावलीत आडवं केलं, पिशव्या फाडल्या. “बस्स. आता एक थेंबही नाही. जे झालं ते झालं.”

मामानं तेवढ्यात माझे केस कापले. हॉलमधल्या कुणाची तरी कात्री आणली आणि उभ्या-उभ्या भादरलं. त्याचं म्हणणं, केसांचे शंभर ग्रॅम तरी असतील. डोकं खरबुजासारखं झालं.

बारा वाजता समोर टॉवेल धरून, चड्डीसुद्धा काढून मी काट्यावर चढलो.

“एकसष्ट चारशे,” साहेब म्हणाले. “दोनशे जास्त.”

दोनशे ग्रॅम. दोन केळी. तीही लहान.

मामानं या वेळी काट्याला खोटं म्हटलं नाही. त्या दिवसातली ती त्याची एकमेव शांतता. मी भिंतीकडे पाहिलं. मुंबईची दोन माणसं तिथं उभी होती, एक फोनमध्ये काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, माझं नाव खोडतोय.

साहेब त्या धुळ्याच्या गड्याकडे वळले. “नियमानं वजन चुकलंय. पण तू मान्य केलंस तर लढत होईल. नाही म्हटलंस तर याला घरी पाठवतो आणि तुझं तासाभरात दुसऱ्याबरोबर ठरवतो. तुझी मर्जी.”

त्याचा कोच पुढे झाला, तोंड उघडलं. त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आत तो गडी खुर्चीवरून उठला.

“चाली,” तो म्हणाला. “करा पक्की.”

कागदावर सही केली आणि लगालगा बाहेर निघून गेला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मामा रडला. मला गळ्याशी धरून म्हणाला, “देवमाणूस हाये रे तो.” मी मामाला बाजूला केलं. माझी जीभ टाळूला चिकटली होती, पण डोकं चालू होतं. एवढ्या पटकन हो? कोचला न विचारता? फुकट मिळणारी गोष्ट जत्रेतलं पोरही सोडत नाही.

त्या दुपारी मी पाणी प्यायलो, भात खाल्ला, झोपलो, उठून पुन्हा खाल्लं, आणि प्रत्येक घासाला एक नवा तर्क काढला. एक: माझी वाळलेली अवस्था बघून त्यानं ओळखलं, हा उद्या दुसऱ्या फेरीत पडेल. दोन: सरांचा आणि त्याच्या कोचचा चहा. तीन, आणि हा मला सगळ्यात पटला: तो काळा पट्टा. गुडघा दुखतोय असं दाखवायचं, मी पाय धरायला वाकलो की खालून गुडघा थेट तोंडावर. म्हणून तर त्याला मीच हवा होतो, कुस्तीतला, पायात घुसणारा. सगळं जुळत होतं.

“सर, मी पाय धरणार नाही,” मी दुसऱ्या दिवशी म्हणालो.

“तुला दुसरं येतं काय?” सर म्हणाले.

पिंजऱ्याचं दार लागलं आणि मी तीन फेऱ्या, पंधरा मिनिटं, त्याच्या गुडघ्याची वाट पाहत राहिलो. तो सरळ चालत यायचा, सरळ बुक्की मारायचा. मी म्हणायचो, ही फसवणूक आहे, खरी पुढची असणार. पुढचीही तशीच यायची. जाळीबाहेरून सर घसा फोडून सांगत होते, पाय धर, पाय धर, आणि मला वाटत होतं, बघा, हेही त्यात सामील. दुसऱ्या फेरीत माझी भुवई फुटली. तिसऱ्या फेरीच्या शेवटी मी चुकून त्याचा पाय धरला, तो धाडकन पडला, आणि घंटा झाली. तिन्ही पंचांनी त्याचा हात वर केला.

मुंबईच्या माणसांनी जाताना सरांना एवढंच सांगितलं की पोरगा मार खाऊन उभा राहतो, तेव्हा या वेळचं वजन सोडून देतो, पुढच्या वेळी नीट असू द्या. म्हणजे दार उघडं होतं. पण मला ते तेव्हा ऐकूच आलं नाही, कारण मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

वधूच्या खोलीत डॉक्टर बसले होते. माझ्या भुवईला चार टाके पडले. गावी मी चौदा सांगतो. त्याच बाकावर शेजारी तो बसला होता, पट्टा सोडून, गुडघ्यावर बर्फ धरून.

“भाऊ, तू बठ्ठा येळ मना गुडघाकडेच काय देखी राहिंता?” त्यानंच विचारलं.

“पट्टा कशासाठी बांधला होतास?”

“दुखी राहिंता.”

“खरंच?”

“मंग काय हौस शे?”

तो इतका सरळ बोलत होता की माझा संशय पुन्हा जागा झाला. मग मी त्याच्याकडे तोंड करून बसलो आणि विचारलं, “भाऊ, आता संपलंय सगळं. खरं सांग. माझे दोनशे ग्रॅम जास्त होते. तू नाही म्हटलं असतंस तर माझा खेळ तिथंच संपला होता. कोचलाही विचारलं नाहीस. तू हो का म्हणालास?”

त्यानं बर्फ एका गुडघ्यावरून उचलला, पुसला आणि परत तिथंच ठेवला.

“भूक लागनी व्हती,” तो म्हणाला.