‘डॉजी’ हा शब्द मी वापरला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही ठाऊक नाही.

इंग्रजी चौथीत शाळा सुटली आणि साताऱ्याकडून थेट आलापल्लीपलीकडच्या जंगलात येऊन पडलो, लाकूडतोडीवर मुनशी म्हणून. जंगलखात्याच्या साहेबांनी ठेवून घेतलं, ते उपकार कसे विसरू? पण नोकरी जाईल ही धास्ती रोजची. साहेबांचा एक लाडका शब्द होता — डॉजी. नाल्यावरचा लाकडी पूल डॉजी, जीपचा ब्रेक डॉजी, ठेकेदार डॉजी. ऐकून ऐकून मला तो कळला. चोर म्हणायचं नाही, पुरावा द्यायचा नाही — नुसता भरवसा काढून घ्यायचा. इतका सोयीचा शब्द मला कुठल्या शाळेत मिळाला असता?

लालसू तिथल्याच, खात्यानं वसवलेल्या वनगावातला माडिया आदिवासी. तोडीचं काम करील तोवरच त्याला गावात झोपडी आणि धानाचा तुकडा. मला हिवताप झाला तेव्हा त्याच्या घरची पेज पिऊन मी जगलो. त्यानं एकच मागितलं — त्या मोठ्या ऐनाच्या झाडात आमचा देव आहे, त्यावर तोडीचा शिक्का नको, तेवढं साहेबाला सांग. सांगतो म्हणालो. सांगितलं? नाही. आज बोलू, उद्या बोलू — आणि शिक्का मीच मारला, माझ्या हातानं.

लालसूनं त्या झाडाला कुऱ्हाड लावली नाही. साहेबांनी मला विचारलं, हे उभं कसं? देव आहे त्यात — एवढंच बोलायचं होतं. पण मग आधी का नाही बोललास, हे आलंच असतं. मी म्हणालो, “डॉजी फेलो, सर.”

साहेब हसले. माझ्या इंग्रजीवर खूश झाले. आणि मला — कसं सांगू — बरं वाटलं हो.

झाड दुसऱ्यांनी पाडलं. लालसूला गाव सोडायला लावलं. बायकोच्या डोक्यावर मडकी, कडेवर पोर. तो माझ्यापाशी थांबला.

“भाऊ, सायबाले सांगतलं होतं ना तुनं?”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“मंग तू काय करशीन,” म्हणाला. मलाच समजावल्यासारखं. जोहार केला आणि निघाला.

हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ती माणसं बराच वेळ होती. मी हाक मारली नाही.