वरच्या मजल्यावरचं इंग्रजी

सांगा बरं, इंग्रजीच्या बाबतीत माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर? बोर्डावर, सर्टिफिकेटवर, की ज्याचं बोलणं समोरच्याला कळतं त्याच्यावर? माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं इंग्रजी रंगाच्या डब्यांवरून वाचून शिकलो. लातुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. एखादे दिवशी गिऱ्हाईक येत नाही, किस्से मात्र रोज येतात. स्टॉक वाढतच जातो आणि त्याच्यावर सेलही लावता येत नाही!

यातले निम्मे किस्से दोन माणसांचे. एक देशपांडे सर, शाळेत इंग्रजी शिकवायचे. दुसरे महबूबभाई, देगलूरचे ड्रायव्हर, सात वर्षं दुबईत गाडी चालवून आलेले. सरांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं, महबूबभाईंचं रोज धुऊन वापरायचं.

*

भूकंप झाला तेव्हा परदेशी पथक आलं. कलेक्टर कचेरीनं दुभाषी म्हणून सरांना नेलं. जीपवर महबूबभाई. तंबूंनी भरलेला ट्रक उभा, माणसं उघड्यावर. परदेशी साहेबानं काहीतरी विचारलं. सर गंभीरपणे म्हणाले, "साहेब सहानुभूती व्यक्त करताहेत."

साहेबानं तेच चौथ्यांदा विचारलं, ओरडून. सर म्हणाले, "सहानुभूती फारच दाटून आलीय!"

शेवटी महबूबभाई खाली उतरले. "सर, तंबू कुठं उतरवायचे म्हणून इचारून राहिला न्हवं तो!" मग साहेबाकडं वळून म्हणाले, "यू शो, आय पुट!" तासाभरात ट्रक रिकामा.

पुढं उत्कृष्ट दुभाषी म्हणून सत्कार झाला. शाल सरांना, नारळ सरांना. आणि सरांना कार्यक्रमाला गाडीतून न्यायचा मान महबूबभाईंना!

*

रिटायर झाल्यावर सरांनी माझ्याच दुकानाच्या वर क्लास काढला. तेव्हा लातुरात रिकामी खोली दिसली की क्लास निघायचा! बोर्डावर सरांचा शालीतला फोटो आणि खाली तीन बॅचेस: साधं इंग्रजी, ब्रिटिश इंग्रजी, अमेरिकन इंग्रजी. फी चढत्या भाजणीत.

मी विचारलं, "सर, ब्रिटिश आणि अमेरिकनमध्ये नेमका फरक काय?"

"अमेरिकनला पंखा आहे, शेठ!"

*

एकदा माल बघायला नांदेडला गेलो. सर सोबत होते. स्टेशनबाहेर विलायतेत वाढलेलं एक शीख कुटुंब गुरुद्वाऱ्याला जायला रिक्षा शोधत होतं. सर मदतीला धावले. एकेक वाक्य असं लांब, की मध्ये दोन रिक्षा भरून गेल्या! कुटुंब मान हलवायचं, पाय मात्र हलेनात.

तिसऱ्या रिक्षावाल्यानं सरांना हळूच सांगितलं, "काका, तुम्ही मराठीतच बोला. मराठी बोलताना हात तरी हलवता. त्यांना कळंल!"

*

मग महबूबभाईंची कंबर गेली. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. घरात खाणारी पाच तोंडं आणि कमावणारा हा एकटा. बसून करता येईल असं काम हवं होतं. मी सरांना म्हणालो, "साधी बॅच द्या त्यांच्याकडं."

सर म्हणाले, "देतो की. पण ड्रायव्हरी इंग्रजी चालणार नाही. आधी माझ्या क्लासचं सर्टिफिकेट, मग फळा."

महबूबभाई म्हणाले, "हाव शेठ, घेतो की! दुबई काढली, हे तर तीन महिने हाय."

कमरेला पट्टा बांधून तो माणूस तीन महिने पोरांच्या बाकावर बसला.

तोंडी परीक्षेला सरांनी प्रमुख पाहुणा बोलावला. भूकंपाच्या गावांत घरं बांधायला आलेला इंजिनिअर, अस्सल लंडनचा. महबूबभाईंचा नंबर आला, आणि पाहुण्यानं स्वतःच त्यांना काहीतरी विचारलं. झालं! पंधरा मिनिटं दोघं बोलत होते. दुबईचं ऊन, आपल्याकडचे रस्ते, जीपचा क्लच. पाहुणा मांडीवर थापा मारून हसत होता. मी चहा घेऊन वर गेलो होतो. म्हटलं, नोकरी पक्की!

संध्याकाळी निकाल लागला. महबूबभाई नापास.

मी तसाच जिना चढलो. "सर, अहो, साहेबाशी पंधरा मिनिटं बोलला की तो!"

"तेच तर सांगतोय, शेठ. त्या पंधरा मिनिटांत दोघांनी मिळून किती चुका केल्या, सगळ्या लिहून ठेवल्यात मी."

"दोघांनी? म्हणजे साहेबानंसुद्धा?"

सरांनी शांतपणे चष्मा पुसला.

"साहेब थोडक्यात वाचला. त्यानं फॉर्म भरला नव्हता!"