न चावणारा जोडा

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात कुणाचा चेहरा आधी पाहिलेला नाही. समोर माणूस आला की त्यांची नजर पहिल्यांदा त्याच्या पायांवर जाते, तिथं जरा रेंगाळते, मग पँटच्या घडीवरून, शर्टाच्या बटणांवरून वर चढते आणि वाटेत काही खटकलं नाही तरच चेहऱ्यापर्यंत पोचते. बहुतेकांच्या बाबतीत वाटेतच काहीतरी खटकतं. माझ्या बाबतीत पहिल्या पायरीलाच खटकलं होतं. माझ्या लग्नात मेहुण्यांनी माझे बूट पळवले, तेव्हा थोरले जावई म्हणून मध्यस्थी करायला हे उठले आणि वर्तमानपत्रावर ठेवून, पॉलिश करून बूट माझ्यापुढं आणले. म्हणाले, "साडूभाऊ, वरनं माल बरा हाय. पण तळ चिकटवलेला हाय, शिवलेला न्हाई. एक पावसाळा काढायचा न्हाई." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं. आषाढात बुटाचा तळ सुटून हातात आला, तेव्हापासून मी त्यांना मनातून गुरू मानलं.

रांजणगावच्या एका कंपनीत ते स्टोअरला होते आणि राहायला कारेगावात. कंपनीचा आकाशी शर्ट आणि लोखंडी टोपणाचे सेफ्टी शूज हा त्यांना रोजचा अपमान वाटायचा. "आठ तास कंपनीचे, बाकीचे सोळा आपले," असं म्हणत ते तो अपमान गिळायचे, पण गिळताना त्याला कडक इस्त्री करून घ्यायचे. कंपनीच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी ते दांडा धरून उभे. बसलं की घडी मोडते. नव्या आलेल्या एका साहेबानं त्यांना बसमधून उतरताना पाहिलं आणि वरिष्ठ समजून नमस्कार ठोकला. साडूंनी तो शांतपणे स्वीकारला, साहेबाच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लेस सुटलीय."

त्यांच्याबरोबर कपडे घ्यायला जाणं म्हणजे अर्ध्या दिवसाच्या रजेचं काम. शिरूरच्या कापडदुकानात ते वीसेक ठाण सोडायला लावत, त्यातलं एक खांद्यावर टाकून सरळ रस्त्यावर उन्हात जात आणि कापडाशी डोळा भिडवून उभे राहत. मालकाचा नोकर मागोमाग धावे. "ट्यूबखाली कुठलाबी रंग खोटं बोलतो," हे त्यांचं मत. मग एक धागा ओढायचा, काडी ओढून तो जाळायचा, राख चिमटीत चोळून वास घ्यायचा. दुकानदार बिचारा पाण्याची बाटली जवळ घेऊन बसे. शिंप्याकडं तीन ट्रायल, त्याही वेगवेगळ्या वेळी, कारण सकाळचं पोट वेगळं आणि जेवणानंतरचं वेगळं. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगतात, "मला बघायला आले तवा ह्यांनी माझ्याकडं वर मान करून बघितलंच न्हाई. माझ्या बापाच्या वहाणा बघितल्या आन् होकार दिला." साडू त्यावर गंभीरपणे म्हणतात, "टाच सरळ झिजल्याली होती. माणूस सरळ असल्याशिवाय टाच सरळ झिजत न्हाई."

त्याच सरळ टाचेच्या सासऱ्यांचा दशक्रिया विधी घोडनदीच्या घाटावर झाला. प्रवचन झालं, मग माईकवर श्रद्धांजली वाहायला गावोगावचे पुढारी एकेक करून उठले. लोक कंटाळून नदीकडं बघत होते. आमचे साडू मात्र मागं, दीडदोनशे चपलांच्या ढिगात उकिडवे बसून एकेक जोडी लावत होते. मी गेलो तर मला म्हणाले, "एक हरवली की दुसरी जितेपणी मरती, साडूभाऊ. जोडी सांभाळावी." त्या दिवशी उठताना कुणालाही आपली चप्पल शोधावी लागली नाही. मला तेव्हा हसू आलं होतं.

बुटांच्या बाबतीत तर त्यांचं शास्त्रच होतं. जोडा चावलाच पाहिजे. जो पहिल्या दिवशी चावत नाही तो ढिला, आणि ढिला जोडा म्हणजे बेशिस्त माणूस. आठ दिवस जोडा चावणार, टाचेला फोड येणार, त्यावर खोबरेल लावायचं, आतून मेणबत्ती घासायची, रात्री ओला कागद कोंबून ठेवायचा. मग नवव्या दिवशी जोडा शरण येणार आणि आठ वर्षं साथ देणार. "बायकोचंबी तसंच असतंय," असं ते एकदा बोलून गेले. त्यावर आक्का आतून म्हणाल्या, "आन् नवऱ्याचं? माझा तर अजून चावतोय!" नवीन जोडा घेतला की ते आठवडाभर लंगडत, आणि लंगडताना त्यांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज असे.

कंपनीच्या तपासणीत त्यांना शुगर निघाली. शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, आणि बजावलं की पायांना जपा, रोज तळवे बघा, टोकदार बूट सोडा आणि एमसीआरची चप्पल वापरा. शुगरवाल्यांसाठी असते ती मऊ, काळी, रुंद पट्ट्याची चप्पल. साडूंनी गोड एका दिवसात सोडलं. जिलबीकडं ढुंकून पाहिलं नाही. पण ती चप्पल त्यांनी दुकानातच हातात घेऊन उलटसुलट केली आणि परत ठेवली. "ही घालून मी कारेगावातनं चालू? लोक म्हंतील, संपला हा."

त्याच वर्षीच्या चैत्रात आम्ही रांजणगावच्या गणपतीला गेलो होतो. दर्शन घेऊन फुलांच्या दुकानांसमोरून परत चाललो होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि साडू मला पुढच्या एका माणसाच्या कॉलरमधला दोष समजावून सांगत होते. मागून एक फूलवाली ओरडली, "ओ मामा, चप्पल!" पाहतो तर त्यांच्या उजव्या पायातली कोल्हापुरी तीस-चाळीस पावलं मागं, रस्त्याच्या मधोमध पडलेली. हे एक पाय अनवाणी, तापलेल्या डांबरावरून चालत आले होते आणि यांना पत्ता नाही! जन्मभर दुसऱ्याच्या चपला बघणाऱ्या माणसाची स्वतःची चप्पल सुटावी, आम्ही पोट धरधरून हसलो. तेही हसले. हा किस्सा मी पुढं वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात रंगवून सांगितला. डांबर तापलेलं होतं, हे मीच दर वेळी मीठमसाला लावून सांगत होतो. पण त्याचा अर्थ काय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आता तो किस्सा कुणी सांगितला तर मी उठून बाहेर जातो.

मग भाचीचं, म्हणजे साडूंच्या मुलीचं, लग्न ठरलं आणि नवऱ्या मुलीच्या बापाला साजेसा जोडा घ्यायला आम्ही दोघं मोटरसायकलवरून दौंडला गेलो. तिथं एक जुनं दुकान आहे. मालक म्हातारा, पूर्वी स्वतः बूट शिवायचा, आणि साडूंच्या मते पुणे जिल्ह्यात चामड्याची जाण असलेली माणसं दोनच, त्यातला हा दुसरा. सतरा जोडे काढून झाल्यावर एक तपकिरी जोडा निघाला. निमुळत्या टोकाचा, चामड्याच्या तळाचा, शिवलेला. साडूंनी पाय घातला. गालिच्यावरून चालले, मग दुकानाबाहेर गेले, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, पुन्हा गेले. परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साडूभाऊ, चावत न्हाई!"

"ढिला असेल," मी म्हटलं.

"ढिला? बोट घालून बघा. सुई जायची न्हाई. घट्ट हाय आन् चावत न्हाई. उभ्या जन्मात पहिल्यांदा!"

म्हाताऱ्यानं वाकून बुटाच्या कडेला, करंगळीपाशी, अंगठ्यानं दाबून पाहिलं. "साहेब, हितं लई आवळलाय. एक नंबर वरचा घ्या."

"आवळला असता तर मला कळलं नसतं व्हय?"

म्हातारा माझ्याकडं बघायला लागला. मला भूक लागली होती, ऊन वाढत होतं, शिरूरपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर होता. मी म्हणालो, "घेऊ द्या हो. त्यांना बुटातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं." हे वाक्य मी बोललो. दुसरं कुणी नाही.

लग्नात साडू सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या जोड्यावर उभे होते. व्याह्यांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. पाठवणीच्या वेळी रडले तेही उभ्यानं, घडी न मोडता. दुसऱ्या दिवशी उजव्या पायाचा पांढरा मोजा करंगळीपाशी तांबूस झालेला दिसला आणि साडूंचा पारा चढला. एवढ्या नावाजलेल्या दुकानाचा माल आणि रंग उतरतो! त्यांनी मोजा धुतला, परत बूट घातले. पुन्हा डाग. तीन दिवस त्यांनी चार मोजे खराब केले आणि ते सगळे पुरावे म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवले. मला फोन आला, "चला दौंडाला. म्हाताऱ्याला दाखवतो, ह्याला रंग म्हंत्यात का!"

आम्ही गेलो. साडूंनी काउंटरवर मोजे मांडले आणि म्हाताऱ्याची चांगली हजेरी घेतली. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. म्हाताऱ्यानं एक मोजा उचलला, दारापाशी उजेडात नेला, अगदी साडू कापड नेतात तसा. नाकाशी धरला. मग परत आला, साडूंना स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली बसून त्यांचा उजवा बूट काढला.

"साहेब," तो हळू म्हणाला, "ह्यो रंग माझ्या बुटाचा न्हाई. तुमचा हाय."

करंगळी काळी पडली होती. शेजारच्या बोटाचं मांस दिसत होतं. साडू त्या पायाकडं दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत राहिले आणि मला म्हणाले, "पण चावत तर न्हाई."

पुण्याच्या दवाखान्यात आधी दोन बोटं गेली. पंधरा दिवसांत विष वर चढलं आणि गुडघ्याखालून पाय गेला. शुद्धीवर आल्यावर साडूंनी चादरीकडं पाहिलं आणि आक्कांना म्हणाले, "पँट आता एका बाजूनं आखूड करावी लागंल. शिंप्याला सांग, कापू नको म्हणावं, दुमड." आक्का बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडल्या. मी आत गेलो नाही. मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती.

कृत्रिम पाय बसला, स्वेच्छानिवृत्ती झाली. आता कारेगावातून ते चालतात ते असे: डाव्या, जित्या पायात ती काळी एमसीआरची चप्पल, आणि उजव्या, खोट्या पायात तो तपकिरी बूट, आरशासारखा चमकणारा. मी म्हटलं, "दाजी, तो जोडा टाकून द्या. बघवत नाही." तर माझ्यावरच उखडले. "त्यानं काय केलं? त्यो बिचारा चावत आसंल. मलाच ऐकू आलं न्हाई." डाव्या पायातला त्याचा जोडीदार घरात फळीवर असतो. त्यालाही दर रविवारी पॉलिश होतं. म्हणाले, उन्हाळा-पावसाळा दोघांनी सारखाच काढला पाहिजे, न्हाईतर रंगात फरक पडतो.

रविवारी मी जातो. डॉक्टरांनी सांगितलंय, डावा पाय रोज बघायचा. साडू वाकू शकत नाहीत, आक्कांना बारीक दिसत नाही. रोज शेजारची सून बघते, आणि रविवारी मी. साडू खुर्चीत बसून पाय माझ्या मांडीवर ठेवतात, मी बॅटरी लावून तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या तपासतो. ते वर छताकडं बघत विचारतात, "काय साडूभाऊ, माल कसा हाय?" मी म्हणतो, "कोरा करकरीत." हा आमचा दोन वर्षांचा नेम. त्यांचं काय असेल ते असो, माझं सगळं त्या दोन शब्दांवर चाललेलं असतं.

गेल्या रविवारी करंगळीच्या खालच्या अंगाला तिळाएवढा काळा ठिपका दिसला. ते आता शिरूरच्या दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतात, लवकर आणलंत, पण आठ दिवस तरी काही सांगता येणार नाही. पुढं काय व्हायचं ते होईल. मला सांगायचंय ते घरातून निघण्याआधीच्या अर्ध्या तासाचं.

"माल कसा हाय?" त्यांनी विचारलं. मी ठिपक्यावर बॅटरी धरून बसलो होतो. पुसून पाहिला, गेला नाही. कोरा करकरीत म्हणावं, उद्या बघू म्हणावं, असं एकदा मनात आलं. दौंडच्या दुकानातला म्हातारा माझ्याकडं बघत होता तसाच मला पुन्हा दिसला.

"दाजी," मी म्हटलं, "डाग आहे. आत्ता निघायचं."

ते छताकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय? बरं झालं बोललात." थोड्या वेळानं खुर्चीचा हात धरून उठले. "थांबा जरा. असल्या अवतारात डाक्टरपुढं न्हाई जायाचं. कपडे बदलतो."

आत आक्कांनी इस्त्री तापवली. पांढरा शर्ट, राखाडी पँट, खोटा पाय बसल्यावर दुमड सोडलेली. मी ओसरीवर पॉलिशची डबी उघडून तो तपकिरी बूट मांडीवर घेतला. साडूंनी जन्मात दुसऱ्या कुणाला आपल्या बुटाला ब्रश लावू दिला नव्हता. दारातून ते बघत होते. मला वाटलं आता ओरडतील.

"टाचेकडनं सुरू करा," ते म्हणाले. मी टाचेकडून सुरू केलं. बूट झाला, खाली ठेवला, डबीचं झाकण लावलं.

"आन् त्यो दुसरा?" त्यांनी फळीकडं बोट केलं. "त्यालाबी हात मारा, साडूभाऊ. जोडी हाय ती."

गाडी दाराशी येऊन उभी होती. मी डाव्या पायाचा बूट फळीवरून काढला, मांडीवर घेतला आणि पुन्हा डबी उघडली.