दारात अडकलेलं पत्रक
गरम रबराचा वास आला की चेन्नईतला तो मे महिना आठवतो. फ्रिजचं दार घट्ट बसत नव्हतं, आत आईचं इन्सुलिन होतं आणि मेकॅनिक "नवाच घ्या" सांगून गेला होता. "बिघडलं की फेका, ही कंपन्यांची शिकवण!" चळवळीची पत्रकं लिहिणारे बाबा कडाडले. "भाषण पुरे, माझं औषध तापतंय," आई म्हणाली. एग्मोरच्या जुन्या सामानाच्या दुकानात दाराचं रबर मिळालं. घड्या पडलेलं ते रबर आम्ही गरम पाण्यात मऊ करून खाचेत बसवलं. मग बाबांनी आपलं एक पत्रक मध्ये धरून दार लावलं. मी ओढलं, सकाळी सैल दारातून सहज निसटलेला कागद आता हलेना. आई हसली, "तुमचं पत्रक कुठेतरी ठाम राहिलं एकदाचं!" आता पत्रकं मी लिहिते, आणि कुणी "नवंच घ्या" म्हटलं की आधी एग्मोर गाठते.