झटक्याची तार आणि सूर्यफूल

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नाचणगावात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. पाल पडली तरी मी ओरडते आणि विजेच्या बटनाला हात लावायच्या आधी तो पदराला पुसून घेते. त्याला कारण आहे. मी लहान असताना माझा थोरला भाऊ विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेला. सगळे नुसते ओरडत होते. माय त्याला धरायला धावली तेव्हा बायांनी तिला मागं ओढून धरलं. तेव्हापासून करंट म्हटलं की मी चार हात लांब.

आमचे हे माझ्या अगदी उलट. शेतात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात म्हणून आम्ही झटका मशीन लावली आहे. बॅटरीवर चालते, जनावर तारेला शिवलं की फटका बसतो आणि ते पळून जातं. मशीन चालू आहे की नाही हे पाहायला हे सरळ तारेला बोट लावायचे. हात झटकन मागं यायचा आणि हे हसायचे. "पाह्यलं? करंट माणसाले फेकून देते. खात नाई." मी चिडले की यांचं उत्तर ठरलेलं, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" आमच्याकडं शेतात असंच सगळ्यांचं झालं आहे. रोज तारेत वावरून वावरून माणसं करंटला भ्यायचं विसरली.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या लेकीनं सूर्यफुलाच्या बियांची दोन पाकिटं पाठवली. एक उंच वाढणाऱ्या जातीचं, एका झाडाला एकच फूल पण परातीएवढं. दुसरं फांद्या फुटणारं, एका झाडावर खूप फुलं. कापूस-सोयाबीनशिवाय काही न लावणारा हा माणूस त्या बियांवर असा लुब्ध झाला, बाप्पा बाप्पा! अंगणात खड्डे केले, शेणखत घातलं, चुलीची राख घातली. कोंब वर आले की खारी खुडून नेत, म्हणून पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून त्यांच्यावर पालथ्या घातल्या. फांद्यावाल्या झाडांचे शेंडे खुडले, उंच जातीचं एकच झाड जगलं, त्याला मात्र कोणाला बोट लावू देईनात. सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापाशीच उभे. मी म्हटलं, "माह्याकडं कधी इतकं पाह्यलं नाई जी." तर म्हणतात, "तू कुठं इतकी वाढली?"

खरं सांगते, मलाही ते झाड आवडायला लागलं होतं. पण ते वाढायचं थांबेना. पोळ्यापर्यंत खोड मनगटाएवढं झालं आणि शेंडा खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या तारेच्याही वर गेला. मी जाता-येता वर पाहायचे. तार जुनी, उन्हानं तिचं वरचं आवरण तडकलेलं. "शेंडा कापा जी," मी म्हटलं. "अवं, फूल फुलून राह्यलं अन् तू कापाची गोष्ट करते!"

फूल फुललं तसं जड झालं. काळी माती पावसानं मऊ झालेली, झाड कलायला लागलं. बांबू लावला, तो झाडासकट कलला. मग यांनी शेतातून उरलेली झटक्याची तार आणली. खोडाला काचू नये म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, तिच्यावरून तार बांधली आणि ती ओढून गोठ्याच्या उभ्या लाकडी बल्लीला आवळली. ती तार विजेच्या तारेवरून, तिला घासूनच गेली.

मी भांडले. खूप भांडले. सुतळी घ्या म्हटलं, नायलॉनची दोरी घ्या म्हटलं. "ते सडते," म्हणाले. "पण ते विजेच्या तारेले घासून राह्यली ना!" "घासू दे. लागलाच तर झटका लागन, अजून काय होईन?" लेकीला फोन लावला तर तीही यांनाच सामील, "आई, तू पण ना!" मी फोन ठेवला. पण त्या दिवसापासून मी अंगणात रबरी चपलेशिवाय पाय टाकला नाही आणि लाकडी पाट स्वयंपाकघरातून आणून दाराशी ठेवला. ते पाहून हे खो-खो हसले.

मग दोन दिवस वारा आणि पाऊस. झाड झुलायचं आणि तार तारेवर घासायची, करकर, करकर.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. मी कणीक मळत होते. हे अनवाणीच चिखलात उतरले, फूल पुन्हा कललं म्हणून बल्लीवरची तार आवळायला. मला आवाज आला, ओरडल्याचा नाही, दात चावल्यासारखा. बाहेर पाहिलं तर हे तार धरून उभे आणि सगळं अंग थरथरतंय. तारेनं फेकलं नव्हतं. धरलं होतं.

मी धावले. अगदी हात पुढं केला होता, आणि तेवढ्यात मला माझी माय दिसली, तिला मागं ओढणाऱ्या बाया दिसल्या. इथं मला ओढायला कोणी नव्हतं. मी वळले, घरातला मेन स्विच खाली पाडला, पुन्हा बाहेर आले. हे तसेच थरथरत होते! ती तार मेनच्या आधीची, घरात यायच्या आधीच करंट सोडत होती, हे मला तेव्हा कुठलं कळायला? मला वाटलं, गेले. माझे गेले. पाट उचलला आणि दोन्ही हातांनी यांच्या मनगटावर घातला. सुटेना. माय वं! पुन्हा घातला, सगळा जीव एकवटून. हात सुटला आणि हे चिखलात पडले.

श्वास चालू होता. तो ऐकल्यावर मी जी ओरडले, ती सगळी गल्ली गोळा होईपर्यंत ओरडतच होते.

पुलगावच्या दवाखान्यात ठेवलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, ते माझ्या पाटानं. तळहात तारेच्या रेघेवर जळला होता. लाइनमननं उंच झाड बुडापासून कापलं. बुटकी, फांद्यांची झाडं तेवढी राहिली आणि त्यांच्या फुलांवर पोपट येत राहिले.

हे बरे झाले. पण घरी आल्यावर पहिल्या दिवशी पंख्याच्या बटनासमोर उभे राहिले आणि हात वर जाईना. "अवं, तू लाव." मला वाटलं, थट्टा करतात. थट्टा नव्हती. शेतातली मशीन आता शेजारचा पाहतो. आयुष्यभर मी देवाला हेच मागत होते, की या माणसाला थोडं भ्यायला शिकव. आता ते मोबाइल चार्जिंगला लावतानाही मला हाक मारतात, आणि मला ते सोसवत नाही.

बुटक्या झाडांच्या बिया मी वाळवून डब्यात ठेवल्या होत्या. यंदा पेरणीच्या दिवसांत त्या यांच्या तळहातावर ठेवल्या, त्या काळ्या रेघेवरच. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाजवळ, मी खड्डे करून ठेवले होते. हे वर पाहायला लागले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कुठंच तार नव्हती, तरी पाहत राहिले.

"राहू दे," म्हणाले.

"लावा जी," मी म्हटलं. "मी हाये इथं."

हे खाली बसले. यांच्या नकळत मीही एकदा वर पाहून घेतलं आणि बाजूला बसले.