चित्र हलता कामा नये

आमच्या आप्पांनी जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं, पण घरात नवी वस्तू घ्यायची म्हटलं की त्यांचं घोडं पेंड खायचं. मिक्सर घेताना त्यांनी दौंडचा अख्खा बाजार पालथा घातला होता. त्यामुळे 'शिरूरला येतोय, मशीन बघायचंय' असा त्यांचा फोन आला, तेव्हा मला घामच फुटला. मशीन म्हणजे ज्यात जुनी व्हिडिओ कॅसेट चालते आणि तिच्यावरचं सगळं सीडीवर उतरवूनही घेता येतं, ते. दौंडच्या दुकानदारांना वीट आणून झाला होता, आता माझ्या सासरच्या गावाची पाळी होती.

कॅसेट एकच होती, आप्पा रिटायर झाले त्या दिवसाची. शेवटची गाडी घेऊन ते दौंडला आले तेव्हा इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, सगळी रेल्वे कॉलनी फलाटावर लोटली होती, आणि कुणीतरी लग्नाचं शूटिंग करणारा माणूस आणला होता. त्याने साहेबांपासून पेढ्यांच्या ताटापर्यंत सगळं हौसेने टिपलं. आई मात्र कॅमेरा दिसला की मागे सरकायची. एकाच ठिकाणी ती सापडली. आप्पा इंजिनातून उतरतात, गळ्यात हार पडतात, आणि आई लगबगीने येऊन त्यांच्या बाहीवरचा काळा डाग पदराने पुसते. मग निघून जाते. एवढंच.

आई वारल्यावर आप्पा रोज ती कॅसेट लावायचे आणि नेमकी तिथेच थांबवायचे. जुना व्हीसीआर थोडा वेळ दम धरायचा, चित्र थरथरायचं, मग आपोआप सुटायचं. की पुन्हा मागे. हळूहळू तिथे पांढऱ्या रेघा यायला लागल्या आणि आई त्या रेघांच्या आड जायला लागली. आप्पांना तो दोष व्हीसीआरचा वाटत होता.

न्हावऱ्यावरून एसटीने ते आले, ते कॅसेट धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून. दुकानदाराने दोन मशीनं काढली. टीव्हीवरचा कार्यक्रम परस्पर रेकॉर्ड होतो, वेळ लावून ठेवता येते, असं बरंच सांगितलं. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थांबवल्याव चित्र हालतंय का?"

दुकानदार आपली कॅसेट लावून दाखवणार होता, पण आप्पांनी टॉवेल सोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचा सगळा फलाट दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर, आणि फ्रीज बघायला आलेलं जोडपंही बघत उभं. आप्पा मात्र रंगात आले होते. आता बँड, आता साहेबांचं भाषण, ते पळवा, असं आधीच सांगत होते. मग आई आली, आणि रेघाही आल्या.

दुकानदाराने पुढे-मागे करून पाहिलं. "आप्पा, मशीनचा दोष न्हाई. टेपच झिजलीय हितं," तो म्हणाला. "एकाच जागी लई येळा थांबवली आसंल कुणीतरी."

आप्पा खाली बघायला लागले. इतका वेळ मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते, तो राग कुठल्या कुठे गेला. रोज जिला बघायला बसायचे, तिला त्यांनीच घासून घासून पुसट केलं होतं, आणि हे त्यांना चारचौघांत कळलं. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी त्यांच्या हातातली पिशवी धरली.

दुकानदार भला होता. त्याने कॅसेट दुसऱ्या मशीनमध्ये घातली. त्यात रेघा कमी आल्या. एकदा सीडीवर उतरवून घ्या, मग कितीही वेळ थांबवा, झिजायचं नाही, असं त्याने सांगितलं. मला चंदेरी, सडपातळ मशीन आवडलं होतं. आप्पांनी हे दुसरं, धान्याच्या डब्याएवढं घेतलं.

मीही त्यांच्याबरोबर दौंडला गेले. लोडशेडिंग संपल्याबरोबर आम्ही कॅसेट लावली. मध्येच लाईट जाऊ नये म्हणून आप्पांनी देवापुढे उदबत्ती लावली आणि कॅसेट संपेपर्यंत मला चहासुद्धा करू दिला नाही. सीडी तयार झाली. ती लावून त्यांनी रिमोट हातात घेतला आणि बरोबर त्या जागी दाबला.

चित्र थांबलं. जराही हललं नाही. आईचा हात आप्पांच्या बाहीवर, पदराचं टोक मुठीत. रेघा होत्या, पण तिचा चेहरा दिसत होता. मला रडू आलं. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"आशी कवा उभी राहिली का ती?" ते म्हणाले. "घटकाभर बस म्हनलं तरी बसायची न्हाई."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आईने बाही पुसली, आणि कामं खोळंबल्यासारखी घाईघाईने निघून गेली. आप्पांनी तिला जाऊ दिलं.