कोराडीच्या राखेची वीट

नागपूर स्टेशनाबाहेर पडलो, तेव्हा उन्हाने डोळे दिपले. समोरच्या कमानीवर 'आदर्श नगर' अशी ताजी अक्षरं होती. सरकारने शहराला दिलेल्या या मानात माझ्या मित्राचाही वाटा होता. माधव घरबांधणीच्या कचेरीत इंजिनियर. कोराडीच्या वीजकेंद्राची राख वापरून त्याने स्वस्त, मजबूत वीट केली होती. ती बघायलाच मी साताऱ्याहून आलो होतो.

माधव न्यायला आला होता. पार वाळला होता. मी अभिनंदन केलं, तर नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी बसने कोराडीकडे निघालो. कोळशाचे ट्रक धडधडत जात होते, झाडांची पानं राखेने करडी झालेली. माधवने बांधलेलं पहिलं घर चंद्रभागाबाईंचं. आत छान गारवा होता. बाईंनी सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी) आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला. पहिल्याच घासाला मला जोरात ठसका लागला.

"पानी घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. मग माधवकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, तुमची वीट तर चांगली होती. हे घर पाहूनच म्या माह्या लेकीले नव्या वस्तीत घर घ्याले लावलं. मंग तिच्या अंगावर भिंत काहून पडली?"

माधवने ताट बाजूला सारलं. बाई उठल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक वडी वाढून आत गेल्या.

परतताना बसमध्ये तो बोलला. "अरे, ही वीट कितीतरी दिवस पाण्यात मुरवावी लागते. मान मिळायच्या आधी वरचे साहेब विचारायचे, वीट टिकेल ना? नंतर विचारू लागले, पाहणीला पाहुणे यायच्या आत वस्ती उभी राहील ना? मी अडून बसलो, तर मला बांधकामावरून हलवून कचेरीत बसवलं. कच्च्याच विटा लावल्या रे. पहिल्याच पावसाळ्यात..." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खिडकीतून राख आत येत होती, पण काच लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

साताऱ्याला पोचलो, तर चौकात पेढे वाटत होते. आमच्या गावाचीही त्याच मानासाठी निवड झाली होती. मी तिथेच चंद्रभागाबाईंच्या लेकीची हकिगत सांगितली.

"वाईट झालं," नगराध्यक्ष म्हणाले. "पण आपल्याकडे तसं नाही व्हायचं."

त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि शेजारच्याला विचारलं, "पाहुणे पाहणीला कधी येणारेत?"